‘पावती दाखवा’ दाबलं की भलतंच फोल्डर उघडते

प्रश्न (पांढरकवड्याजवळून)
नमस्कार मंडळी. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन टाकलं की पीडीएफ पावती निघते, तो प्रोग्राम मीच पायथॉनमध्ये लिहिला. आता ‘पावती दाखवा’ बटन दाबल्यावर फाइल एक्सप्लोरर उघडून तीच पावती निवडलेली दिसली पाहिजे. माझ्या जागी रात्री काका बसतात, ते ती ओढून व्हॉट्सॲपवर टाकतील.

पायथॉनमधून दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या सबप्रोसेसच्या रनला लिस्ट दिली: पहिलं ‘एक्सप्लोरर’, दुसरं ‘/सिलेक्ट,’ आणि त्यालाच चिकटून फाइलचा पाथ, म्हणजे ती कुठे आहे तो पत्ता. घरी बरोबर चालते, काट्यावर दरवेळी डॉक्युमेंट्स उघडते. काल रांगेत तेरा गाड्या होत्या आणि एक कास्तकार पावती पाहिल्याशिवाय काट्यावरून हलेना. त्याचं बरोबरच होतं, वर्षाचा कापूस होता त्याचा.

उत्तर (वर्ध्याहून)
भाऊ, काट्यावरच्या फोल्डरच्या नावात स्पेस आहे का? असेल तर पायथॉन तो अख्खा तुकडा, ‘/सिलेक्ट,’ धरून, कोटात म्हणजे अवतरणचिन्हांत टाकतो. एक्सप्लोररला ते समजत नाही, मग तो डॉक्युमेंट्स दाखवतो. ‘/सिलेक्ट,’ वेगळं ठेवा, पाथ वेगळा. म्हणजे कोट फक्त पाथला लागतील. पाथमध्ये उलट्याऐवजी सरळ स्लॅश असले तरी हेच होते, म्हणून आधी पायथॉनच्या नॉर्मपाथमधून काढा, तो स्लॅश उलटे करून देतो.

उत्तर (आर्णीहून)
नुसतं फोल्डर उघडायचं तर पायथॉनचं ओएस डॉट स्टार्टफाइल पुरते, पण ते फक्त विंडोजवर चालते आणि फाइल निवडून दाखवत नाही. त्याला पीडीएफचा पाथ दिला तर पावतीच उघडेल. लिनक्सवर एक्सडीजी-ओपन या कमांडला फोल्डर द्या.
आणि रनमध्ये ‘चेक’ ट्रू ठेवू नका. एक्सप्लोरर नीट उघडला तरी १ परत देतो, पायथॉन त्यालाच चूक समजतो. माझी यात एक अख्खी रात्र गेली.

प्रश्नकर्ता
स्पेसच! घरी फोल्डर ‘पावती’, काट्यावर ‘काटा पावती’. दोन तुकडे केले, लगेच जमलं. चेकही काढला, खिडकी उघडूनही लाल एरर का येत होती ते आता कळलं. संध्याकाळी काकांनी स्वतः बटन दाबलं, पावती निळी होऊन समोर आली. आज पहिल्यांदा त्यांनी मला फोन केला नाही. दोघांचेही मनापासून आभार.