शिवणकाम येते, दोन सुयांवरचे विणकाम नव्याने शिकत आहे : इंचाची मापे टाक्यांत कशी आणावीत? मदत हवी आहे

नमस्कार.

मी परभणीत राहते आणि अनेक वर्षांपासून घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर-पोलकी आणि लहान मुलांची झबली हे माझे नेहमीचे काम असून मापावरून कागदी ड्राफ्ट काढणे मला चांगले जमते. धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा आत्या या नात्याने बारशाची कुंची मी शिवली. आता हिवाळ्यासाठी तिला स्वतःच्या हाताने लोकरीचा स्वेटर विणून द्यावा, अशी मनापासून इच्छा आहे. आमच्याकडे थंडी थोडेच दिवस असते, परंतु परभणीत काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि तेव्हा सुती कपड्यांवर भागत नाही.

घरात विणकाम कोणालाच येत नाही. आमच्या भागात लोकरीचे जुने काम म्हणजे घोंगडी, आणि ती मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणली जाते. दोन सुयांवर मात्र एकच धागा फासातून फास काढत पुढे जातो, त्यामुळे ते ज्ञान येथे उपयोगी पडत नाही. व्हिडिओ पाहून टाके घालणे (सुईवर पहिले फास चढवणे), सुलट टाका, उलट टाका आणि टाके बंद करणे (फास सुईवरून उतरवून कड पक्की करणे) एवढे शिकले आहे.

माझी खरी अडचण आकाराची आहे. शिवणात कापड आधी तयार असते, त्यावर ड्राफ्ट ठेवून आपण मुंढा (बाही जोडण्याचा गोल) आणि गळा कापतो, आणि चुकले तर शिलाईसाठी सोडलेल्या कापडात सांभाळून घेता येते. विणकामात कापड आणि आकार एकाच वेळी घडतात व कात्री लावण्याची सोय नसते. तयार नमुन्यात ‘५२ टाके घाला’ एवढेच लिहिलेले असते. पण ते ५२ कोठून आले, हे समजल्याशिवाय पुढे जाणे मला पटत नाही. बाळाची छाती १८ इंच धरली, तर टाके कसे ठरवावेत आणि मुंढ्याचा गोल कसा आणावा?

आणखी काही शंका आहेत. शिलाई मशिनची १६ नंबरची सुई ११ नंबरपेक्षा जाड असते, परंतु दुकानात विणकामाची १२ नंबरची सुई ८ नंबरपेक्षा बारीक निघाली. हा क्रम सर्वत्र असाच आहे का? हातशिलाईत प्रत्येक टाका ओढून बसवण्याची सवय असल्यामुळे विणतानाही धागा ताणला जातो आणि पुढच्या ओळीत सुईचे टोक टाक्यात शिरत नाही. ओळीच्या सुरुवातीला एकाच्या जागी दोन टाके दिसतात व तुकडा रुंदावत जातो. शिवाय एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणलेल्या तुकड्याच्या कडा गुंडाळतात; त्यावर इस्त्री फिरवावी का? येथे लोकर म्हणून मिळाली ती ॲक्रिलिकची आहे.

प्रतिसाद (नांदेडहून)

ताई, तुमचे ड्राफ्टिंग वाया जाणार नाही. फक्त इंचांचे टाके करायचे आहेत. त्यासाठी आधी नमुन्याचा तुकडा विणावाच लागतो, आणि तो टाळून स्वेटरला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या लोकरीने आणि ज्या सुयांनी स्वेटर करायचा, त्यांनीच सहा इंची चौकोन विणा, धुऊन सपाट वाळवा आणि कडा सोडून मधल्या चार इंचांतले टाके व ओळी मोजा. समजा २० टाके आणि २८ ओळी भरल्या, म्हणजे इंचाला ५ टाके आणि ७ ओळी. छाती १८ इंच आणि सैलपणा २ इंच मिळून २० इंच होतात; पाठ त्याच्या निम्मी, १० इंच, म्हणजे ५० टाके. बाजूच्या जोडणीत दोन्हीकडचा एकेक टाका जातो, तो धरून ५२. शिवणासारखा अर्धा-पाऊण इंच सोडायचा नसतो.

खांद्याची रुंदी ८ इंच हवी असेल, तर दोन्ही बाजूंनी एकेक इंच, म्हणजे ५-५ टाके कमी करायचे. ते एकदम बंद केले तर चौकोनी खाच पडते, म्हणून आधी ३ टाके बंद करावेत आणि नंतर एकाआड एक ओळीत दोन टाके एकत्र विणून एकेक टाका दोनदा घटवावा. टाके ओळीच्या सुरुवातीलाच बंद करता येत असल्यामुळे उजवी बाजू एका ओळीत आणि डावी बाजू पुढच्या ओळीत होते. शेवटी सुईवर ४२ टाके राहतील आणि ४ इंचांच्या मुंढ्यासाठी २८ ओळी लागतील. टाका उंचीपेक्षा रुंद असतो, हे मात्र विसरू नका. साध्या चौकोनी आलेखावर काढलेला गळा विणल्यावर बसका दिसतो.

सुयांचा उलटा क्रम ही जुनी ब्रिटिश पद्धत आहे. त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, अमेरिकी पद्धतीत ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो, म्हणून ऑनलाइन घेताना मिलिमीटरच पाहावेत. टाका सुईच्या निमुळत्या टोकावर न करता जाड भागावर नेऊन पूर्ण केला, की धागा न ओढताही तो योग्य मापाचा होतो. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे गेला, तर पहिला टाका ओढला जाऊन त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि दोन टाके भासतात. धागा खाली सोडून सुईखालून मागे न्यावा.

कडा गुंडाळणे हा त्या विणीचा स्वभाव आहे. त्यासाठीच खाली एक सुलट-एक उलट अशी बॉर्डर १० नंबरच्या सुयांवर विणतात आणि पुढच्या उघड्या कडेला सर्व ओळी सुलट विणलेली पट्टी ठेवतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात ठेवू नये. उष्णतेने धाग्याची उभारी कायमची जाते आणि कापड लोळागोळा होते.

प्रतिसाद (लातूरहून)

वरील सर्व मान्य आहे. फक्त लोकर फिक्या रंगाची आणि गुळगुळीत घ्यावी, कारण गडद रंगात नवशिक्याला टाके दिसत नाहीत. सगळे गुंडे एकाच रंगलॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत का, हे वेष्टनावरच्या क्रमांकावरून तपासावे. क्रोशाची एक सुई जवळ असू द्यावी. निसटलेला टाका ओळ न उसवता तिने वर आणता येतो.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

दोघींचेही मनःपूर्वक आभार. ५२ चा उलगडा झाल्यामुळे आज रात्रीच नमुन्याचा चौकोन सुरू करते. बाहीबद्दल एक विचारायचे राहिले : शिवताना बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा किंचित मोठा ठेवून तो दाबत बसवावा लागतो, विणलेले कापड ताणले जात असल्यामुळे येथे दोन्ही मापे सारखी ठेवली तर चालतील का?