ऑइल जातंय कुठं? इंजिन उघडायच्या आधी हवेच्या टाकीचा कॉक उघडा

कृष्णाकाठचा

काल ह्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर कराडच्या एका मालकांनी लिहिलं होतं: दहा टायरचा ट्रक, २०१३ चं मॉडेल, मीटरवर ८ लाख ४० हजार. सांगली मार्केट यार्डातून हळद भरून वाशीला. हजार किलोमीटरला २ लिटर ऑइल कमी होतंय. गाडीखाली थेंब नाही, धूर नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन काम करून घ्या. आणि शेवटी मालकांची ओळ: "मला तर ड्रायव्हरवरच डाउट येतोय."

रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. हाच सल्ला ऐकून मी बुडालोय. २०१९ च्या महापुरात गाडी महिनाभर उभी होती, भाडं बंद, हप्ते चालू. त्यात माझ्याही गाडीचं ऑइल जायला लागलं. फिटर म्हणाला इंजिन बसलं. उसनवारी करून १ लाख ६० हजार घातले. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम, सगळं नवं. पहिल्याच खेपेला ऑइलची पातळी दाखवणारा गेज बघितला तर पावणेदोन लिटर कमी. पुण्याच्या पुढं पंपावर गाडीखाली उकिडवा बसलो होतो, डोळ्यांत पाणी आलं होतं.

उलगडा केला क्लीनरनं. ब्रेकच्या हवेच्या पहिल्या टाकीचा कॉक त्यानं सहज ओढला. आधी राखाडी फेस आला, ताक फाटल्यासारखा. मग काळंभोर ऑइल, बोटाएवढी धार. थांबेचना. खाली धरलेला पाण्याचा डबा अर्धा भरला.

ब्रेकची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला स्वतःचं वेगळं ऑइल नसतं हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ऑइल हरवलं की त्याची आठवण कुणाला येत नाही. इंजिनच्या गॅलरीतून बारीक नळीनं ऑइल त्याला जातं आणि काम करून परत इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. त्याच्या रिंगा झिजल्या किंवा परतीची वाट चोंदली, की ऑइल हवेबरोबर वर ढकललं जातं. तिथनं हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरमध्ये आणि टाकीत. प्रेशर भरलं की ड्रायर फुस्स करून रस्त्यावर थुंकतो. सायलेन्सरमधनं धूर येणार कुठनं? गाडी उभी असताना थेंब पडणार कुठनं?

आणि "खाली थेंब नाही" ह्यावर तर विसंबूच नका. २० थेंबांचा एक मिली धरला तर २ लिटरचे ४०,००० थेंब. हजार किलोमीटरला ४०,००० म्हणजे दर २५ मीटरला एक थेंब. इंजिन तापलेलं आणि ऑइलला प्रेशर असतानाच तो पडणार. सकाळी गाडीखाली पुठ्ठा कोरडाच दिसणार. इंजिन स्वच्छ धुवा, सुकवा, जोडांवर टाल्कम पावडर मारा, ५० किलोमीटर पळवा आणि मग बॅटरी घेऊन खाली जा. पांढऱ्यावर काळी रेघ दिसते.

टाकी पूर्ण रिकामी करा, एक खेप मारा, मग पांढऱ्या पुठ्ठ्यावर कॉक उघडा. एवढं करायला रुपया लागत नाही. ते केल्याशिवाय कुणी इंजिन उघडा म्हणाला तर त्याचं ऐकू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

मिरजेचा जुना फिटर

३२ वर्षं हात काळे केलेत. तुमचा एक फिटर चुकला म्हणून सगळ्या फिटरांना चोर ठरवू नका.

८ लाख ४० हजार झालेल्या इंजिनाच्या रिंगा ठणठणीत असतील असं तुम्हाला वाटतं? धूर नाही म्हणतात ते मालक. मालक गाडीमागं किती वेळा उभे राहिलेत? रात्री घाटात निळा धूर दिसत नाही. सकाळी पहिलं स्टार्ट मारताना मागं उभं राहा. सुरुवातीला भसकन निळा येऊन बंद झाला तर वॉल्व्हचे सील. चढाला लोडमध्ये सतत येत असेल तर रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून तसंच तोंडावर ठेवा. झाकण नाचायला लागलं, वाफ भकाभका आली, तर खालून प्रेशर वर येतंय. ही पण फुकटचीच तपासणी आहे.

माझ्याकडं ऊस वाहतुकीची एक गाडी होती. मालकानं असंच कुणाचं तरी ऐकून दोनदा कॉम्प्रेसर बदलला. हंगामभर ऑइल ओतत राहिला. फेब्रुवारीत कुंभार्ली घाटात पिस्टन धरला, इंजिन जाम, गाडी टोचन करून आणली. तो खर्च कोण देणार होतं?

कृष्णाकाठचा

काका, चोर कुणाला म्हटलं नाही. तपासणी न करता इंजिन उघडायला लावतात त्यांच्याबद्दल बोलतोय. तुमची झाकणाची तपासणी बरोबरच आहे. पण माझ्या फिटरनं तीसुद्धा केली नव्हती.

कुपवाड लेथ

आमच्याकडं ब्लॉक येतात तेव्हा निम्मं भांडण आधीच होऊन गेलेलं असतं. एक सांगतो, बोअर गेज लावल्याशिवाय "बोअर गेला" म्हणू नये. आणि "लायनर बदला" असं सरसकट लिहिणाऱ्यांनी आधी इंजिन कुठलं ते विचारावं. कमिन्सच्या ५.९ लिटर बी सिरीजला लायनर, म्हणजे बोअरमध्ये बसवायची वेगळी नळी, नसतोच, ब्लॉकमध्येच बोअर असतो. तिथं बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात, खर्चाचा हिशोबच वेगळा.

तुम्ही दोघंही ब्रीदर विसरलात, चेंबरमधलं प्रेशर बाहेर सोडणारी वाट. ब्रीदरची नळी चिखलानं, काजळीनं चोंदली की चेंबरमधलं प्रेशर वाट शोधतं. चांगल्या सीलमधनंसुद्धा ऑइल बाहेर ढकलतं, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचं परतीचं ऑइल अडवतं, ते टर्बोच्या सीलमधनं इनटेकला जातं. एअर फिल्टर चोंदला असला तरी टर्बो ऑइल ओढतो. टर्बोकडनं इंटरकूलरकडं, म्हणजे ती हवा गार करणाऱ्या जाळीकडं, जाणारा रबरी होज काढा आणि आत बोट फिरवा. बोट ओलं झालं तर चालतं. ऑइल साचलेलं दिसलं तर तिकडं बघा.

शेंद्रे फाटा

सगळं सोडा, आधी गेज कसा बघता ते सांगा. आमच्या कारखान्याच्या यार्डात उतार हाय. गाडी तोंड खाली करून उभी, इंजिन आत्ता बंद केलंय आणि गडी गेज बघतोय. ऑइल अजून वरच हाय, खाली उतरलंच न्हाई. कमी दिसलं की वत लिटरभर. मग जादा झालं की क्रँक फेस करतंय आणि ते उडून जातंय. सपाट जागा, १५ मिनिटं थांबा, मग बघा. एवढ्यानं माझं निम्मं ऑइल वाचलं.

मालक, कराड

मूळ पोस्ट माझी. सगळ्यांचे आभार. गेज मी स्वतः सपाटीला बघतो, त्यात चूक नाही. कॉम्प्रेसरचं खरंच डोक्यात आलं नव्हतं.

पण ड्रायव्हरचा विषय मी उगाच काढला नाही. मागच्या ड्रायव्हरला मी स्वतः ढाब्यावर पकडलाय, सील न फोडलेला ५ लिटरचा डबा विकताना. ज्याचे पैसे जातात त्यालाच कळतं. डिझेल चोरतात, टायर बदलतात, ऑइल सोडतील का?

जतचा चालक

मालक, मी १७ वर्षं स्टेअरिंगवर आहे. हे वाचून हात थरथरतायत, म्हणून चुकलं तर समजून घ्या.

माझ्या पगारातनं एकदा ४,००० कापले. असंच, ऑइल कमी पडतंय म्हणून. बायको दवाखान्यात होती, दिवाळी तोंडावर होती. मी सांगत होतो, क्लच घसरतोय, क्लचवरच्या कव्हरच्या, बेल हाउसिंगच्या खाली ओलं दिसतंय, गाडी दाखवा. शेठ म्हणाले, तू निमित्त सांगतोस. दोन महिन्यांनी क्लच जळाला, गिअर बॉक्स खाली घेतला तेव्हा मागचं क्रँकचं सील फाटलेलं, सगळी प्लेट ऑइलनं न्हालेली. फिटरनं ते सील हातात घेऊन शेठना दाखवलं. ४,००० काय परत आले नाहीत. मी मागितलेपण नाहीत, गाडी सोडली.

एकानं डबा विकला म्हणून आम्ही सगळे विकतो का? घाटात तुमची गाडी आणि माल कोण सांभाळतो?

मालक, कराड

तुमच्यावर झालेल्या अन्यायाचं मला वाईट वाटलं. पण मी तुमचा शेठ नाही. माझ्या घरात चार गाड्यांचे हप्ते आहेत, टोल वाढलाय, भाडं तिथंच आहे. हिशोब विचारला की लगेच अपमान होतो, हे मला मान्य नाही.

जतचा चालक

हिशोब विचारा की! हिशोब विचारणं वेगळं आणि पाठीमागं चारचौघांत चोर म्हणणं वेगळं. तुमच्या ड्रायव्हरनं हे वाचलं तर उद्या कुठल्या तोंडानं गाडीत चढंल तो?

द्राक्षवाला, तासगाव

दोघंही थांबा. आमच्याकडं साधी रीत आहे. खेपेला निघताना मालक आणि ड्रायव्हर दोघांनी मिळून गेज बघायचा, वहीत लिहायचं, आल्यावर परत दोघांनी बघायचं. वाटेत ओतलं तर रिकामा डबा परत आणायचा. वही गाडीतच असते. पाच वर्षांत ऑइलवरनं एक शब्द झाला नाही. उलट ऑइल कुठल्या खेपेपासून वाढलं ते वहीत दिसतं. एकदा वाढलं ते कॉम्प्रेसरची नळी बदलली त्याच आठवड्यापासून, हे वहीमुळंच सापडलं.

मिरजेचा जुना फिटर

वही चांगली. पण वहीनं फसवलेलंही बघितलंय. लेव्हल खेपेमागनं खेप तशीच, मालक खूश. वास घेतला तर ऑइलला डिझेलचा वास. फीड पंपाच्या सीलमधनं डिझेल चेंबरमध्ये उतरत होतं आणि कमी झालेल्या ऑइलची जागा भरून काढत होतं. पातळ ऑइलवर बेअरिंग किती टिकणार? म्हणून गेज बघताना दोन बोटांत घासून बघा, नाकाला लावा.

आणि "घट्ट ऑइल घाला, थांबेल" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल सांगितलेल्या इंजिनात त्याहून घट्ट घालून रोग दोन महिने झाकला जातो.

कृष्णाकाठचा

इथं मी काकांशी शंभर टक्के सहमत.

मालक, एक हिशोब तुम्हीच करा. तुमची गाडी लिटरला ४ देत असेल तर हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल. एवढ्या चाललेल्या डिझेल इंजिनानं जळालेल्या डिझेलच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत ऑइल खाल्लं तर मी घाबरत नाही, म्हणजे सव्वा लिटर. तुमचं २ लिटर आहे, पाऊण टक्क्याच्या वर. तेव्हा काहीतरी नक्कीच बिघडलंय, ड्रायव्हरला मध्ये आणायची गरजच नाही.

आणि हा नुसता ऑइलच्या पैशांचा प्रश्न नाही, म्हणून मी एवढा जीव तोडून लिहितोय. टाकीतलं ऑइल पुढं ब्रेकच्या वॉल्व्हमध्ये जातं. आतली रबरं फुगतात, ब्रेक उशिरा लागतो, उशिरा सुटतो. माझी गाडी भरलेली होती, खंबाटकीचा बोगदा ओलांडून खाली एस वळणाला मी पाय दाबला आणि पहिला क्षणभर काहीच झालं नाही. एकच क्षण. तिथं किती गाड्या उलटल्यात ते ह्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

मालक, कराड

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. टाकी रिकामी करून गाडी वाशीला पाठवली, येऊन-जाऊन साधारण साडेसातशे किलोमीटर. परत आल्यावर मी आणि ड्रायव्हर दोघं खाली गेलो. पुठ्ठ्यावर आधी पाणी आलं, मग ऑइल. धार नव्हती, पण थांबत नव्हतं. मापात धरलं तर पाव लिटरच्या जवळ भरलं. ड्रायरनं वाटेत फेकलं ते वेगळंच. कॉम्प्रेसरची बाहेर जाणारी नळी काढली तर आतून कार्बननं इतकी भरलेली की करंगळी जाईना.

काकांनी सांगितलेली झाकणाची तपासणीही केली. झाकण हललं, पण नाचलं नाही.

कॉम्प्रेसरचं किट टाकलं, नळी नवी घातली. मागच्या चाकाकडं एक हवेची गळती होती, तीही काढली. तिच्यामुळं कॉम्प्रेसरला दम खायला वेळच मिळत नव्हता. पुढच्या खेपेला ऑइल गेलं ते अर्ध्या लिटरच्या आत.

ड्रायव्हरला मी हा धागा स्वतःच वाचायला दिला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला, पहिलं पान त्यानंच भरलंय.

मिरजेचा जुना फिटर

कॉम्प्रेसरच होता, मानलं. पण अर्धा लिटर अजून जातंय ते रिंगांचंच, हे मी लिहून देतो. घाई नाही, पण पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी असेल तेव्हा कॉम्प्रेशन मोजून घ्या. मोजल्याशिवाय उघडू नका, हे आता मीच सांगतोय.

जतचा चालक

मालक, वाचलं. बरं वाटलं.

कृष्णाकाठचा

ड्रायरचा फिल्टर बदलला का? त्यात ऑइल मुरलेलं असणार. तो तसाच ठेवला तर पाणी अडणार नाही, टाकीत उतरत राहील. आणि मागच्या ब्रेकचे वॉल्व्ह एकदा उघडून आतली रबरं बघा. वाशीची पुढची खेप भरायच्या आधी.