मदत हवी आहे: टमाटे खाऊन कोलेस्ट्रॉल उतरतं का?

आमच्या अण्णांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, १६८ आलंय, डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली, पण पारावर कुणीतरी सांगितलं की टमाट्यातल्या लायकोपीननं नसा साफ होतात, तवापासून गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यामागं तशीच पडलीय अन् रोज सकाळी दोन कच्चे टमाटे मीठ लावून चालू. मी वाचलं की लायकोपीन म्हणजे टमाट्याचा लाल रंगच, अन् तेलात शिजवल्यावर ते जास्त अंगी लागतं, मग आईची करडईच्या तेलातली चटणीच बरी ना, मीठ कमी घालून? गोळीची जागा टमाटा घेत नाही हे मला कळतंय हो, अण्णांना कसं पटवू? त्यात किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन जरा वाढलेलं, टमाट्यात पोटॅशियम असतं म्हणून अजून धाकधूक. परभणीकडं कुणी चांगला आहारतज्ज्ञ सुचवा.