'सर्किट रायडर'ला मराठीत काय म्हणाल?

पीटर कार्टराइटवर मराठीत लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडलेय. जन्म १७८५, व्हर्जिनिया, वाढला केंटकीत, मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) उपदेशक, आयुष्यभर घोड्यावर. १८४६ ला लिंकनविरुद्ध अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीला उभा राहून हरला तोच. अशांना 'सर्किट रायडर' म्हणायचे. 'फिरता पाद्री' केलं तर भांडी विकणारा वाटतो आणि 'भ्रमणशील धर्मोपदेशक' कोण बोलतं हो?

———

ताई, शब्द आपल्या घरातलाच आहे, फिरती! माझे वडील सरकारी नोकरीत होते, दारात कुणी आलं की आई सांगायची, फिरतीवर गेलेत. फिरतीला हद्द ठरलेली असते, वर साहेब असतो, गावं ठरलेली असतात, सर्किटचंही तसंच, आज या झोपडीत प्रार्थना, उद्या पुढच्या वस्तीवर, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा पहिल्या ठिकाणी. वर बिशप, तो नेमणूक करणार, आणि १८०४ पासून नियमच होता की एका सर्किटवर दोन वर्षांपेक्षा जास्त राहायचं नाही, म्हणजे बदली. 'फिरतीवरचा उपदेशक' करा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना, ते त्याच्या एकट्याचं, बायकोला मात्र दर बदलीला चूल मोडून चूल मांडायची, ते लेखात यायलाच हवं.

———

मी मेथडिस्ट घरातली. आमच्यात 'पाळक' म्हणतात, पाद्री म्हणणारे बहुतेक बाहेरचे. पण पाळक एका मंडळीजवळ राहतो, म्हणून इथे उपदेशकच बरोबर. सॅडलबॅगला 'पिशवी' नका करू प्लीज, पडशी म्हणा, दोन्हीकडे कप्पे लोंबणारी. त्यात बायबल, स्तोत्रांचं पुस्तक, चर्चचे नियम, शिवाय विकायला पुस्तकं, त्यावर थोडं कमिशन मिळायचं.

———

पडशी घेतली! आता 'लोकेट' होणं, म्हणजे फिरती सोडून एका जागी राहणं. १८०० पासून पगार वर्षाला ८० डॉलर, तेही पूर्ण हातात पडायचे नाहीत, लग्न झालं की भागायचं नाही, मग कितीतरी जण फिरती सोडून शेती धरायचे. 'स्थायिक झाला' लिहिलं तर सुखात बसला असं वाटतं.

———

'फिरती सोडली' एवढंच लिहा. सोडली म्हटलं की मनाला लागलेलं आपोआप कळतं.

———

हो, तेच ठेवते. कार्टराइटने नाही सोडली. पोरं गुलामगिरीच्या मुलखात वाढू नयेत म्हणून १८२४ ला केंटकीहून इलिनॉयला निघाला, वाटेत एका रात्री उघड्यावर झोपले, झाडाच्या बुंध्याशी शेकोटी, आणि पहाटे तेच झाड कोसळलं ते तिसऱ्या मुलीवर, सिंथियावर. तिला तसंच वीस मैल नेलं ओळखीच्या घरापर्यंत. इथे मी आधी 'तळ ठोकला' लिहिलं होतं, खोडलं, तळ फौज ठोकते, लेकुरवाळी माणसं मुक्काम करतात. आणि 'दफनविधी केला' पण खोडलं. आता वाक्य असंय: 'वीस मैलांवर, ओळखीच्या माणसाच्या दारी, तिला माती दिली.'

———

काही बदलू नका ताई.