आजीच्या डोळ्याचं माप लाईटनं घेतलं, असल्या मशीनी फिजिक्सवाले बनवते का?

आर्वीचा_पोट्टा: माया आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय. वर्ध्याले तिची हनुवटी स्टँडवर ठेवली, लाल लाईटकडे पाहा म्हणे, डोळ्याले काहीच टेकवलं नाही न आकडा आला २३.१ मिमी. मोठ्या बाबाच्या वेळेस तर थेंब टाकून पेनासारखं काहीतरी डोळ्याले टेकवलं होतं. लाईटनं कसं मोजते हे? मी बीएस्सी फिजिक्स फायनलले हाव, घरचे म्हणते बीएड कर. असं काम आपल्याले जमते का?

चष्मेवाली_ताई: ती डोळ्याची समोरून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी, त्यावरून आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतो आम्ही. १ मिमी चुकलं तर नंबर अडीच-तीननं हुकते. पेनासारखा प्रोब अल्ट्रासाऊंडचा, थोडा दाबला गेला की लांबी कमी येते. पण मोतीबिंदू पार पिकला तर लाईट आत जातच नाही, मग प्रोबच लागते, म्हणून कापूस निघाल्यावर पाहू म्हणत थांबू नका रे बाप्पा!

फिजिक्सचे_सर: लॅबमधला मायकेल्सन इंटरफेरोमीटर आठव, एका किरणाचे दोन भाग करून दोन वाटांनी पाठवायचे न परत एकत्र आणायचे, तत्त्व तेच. व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ अडॉल्फ फेर्चर यांनी १९८० च्या दशकात ते डोळ्यावर लावलं. लेसर असा घेतला की दोन वाटांची लांबी जवळपास सारखी झाली तरच उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात, मग आरसा सरकवत जायचं, पट्टे दिसले की लांबी कळली. पण जिवंत माणूस हलतो न, तिथंच खरी गोम होती. त्यांनी दोन्ही किरण डोळ्यातच सोडले, एकाचं परावर्तन डोळ्याच्या समोरच्या भागावरून न दुसऱ्याचं पडद्यावरून, त्यामुळं माणूस मागंपुढं झाला तरी दोघांतला फरक तोच राहतो. मला हे फार सुंदर वाटतं. याच कामातून १९९९ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीची मशीन बाजारात आली. पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी नावाची तपासणीसुद्धा याच तत्त्वावर, १९९१, अमेरिकेतल्या एमआयटीची.

अमरावती_ते_दिल्ली: जमते भाऊ, कायले नाही जमत. जॅम दे, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा, एमएस्सी कर, मग एमटेकसाठीची गेट परीक्षा देऊन आयआयटी दिल्लीचं अप्लाइड ऑप्टिक्सचं एमटेक पाय. चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी संशोधन संस्थेत अशीच उपकरणं बनवते. इलेक्ट्रॉनिक्स न पायथन आतापासूनच शिक, नुसत्या थिअरीवर मशीन उभी राहत नाही. न आजीसंगं परत दवाखान्यात जाशील तेव्हा मशीन चालवणाऱ्या ताईले विचार, कोणत्या पेशंटचं माप येत नाही न कायले येत नाही, प्रोजेक्टचा विषय तिथंच सापडन.

आर्वीचा_पोट्टा: जॅमचा फॉर्म कधी निघते दादा? बाबाशी आजच बोलतो.