कोपरावरची पाण्याची गाठ टोचू नका
भाऊ, कुत्र्याच्या कोपरावरची गाठ सुईने टोचून पाणी काढा, असं तुम्हाला कुणी सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. वजनदार कुत्रं कोब्यावर, फरशीवर रोज आदळून बसतं, तेव्हा हाडावरची कातडी ठेचून आत पाणी साचतं. गाठ मऊ, सहसा न दुखणारी. काढलेलं पाणी परत भरतं, वरून जंतू शिरले तर पू होतो. खरा उपाय जाड अंथरूण. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, जुन्या गादीला गोणपाटाची खोळ शिवा. उन्हाळ्यात कुत्रं गादी सोडून थंड फरशीच शोधणार, म्हणून अंथरूण कूलरच्या वाऱ्यात टाका. गाठ गरम, लाल, दुखरी झाली तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आयबुप्रोफेन ही माणसांची दुखण्यावरची गोळी मात्र चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी असतं.