कॉर्न स्नोला 'रवाळ बर्फ' चालेल का?

धरमपेठी
नागपूरहून गुलमर्ग-औलीला स्की शिकायला जाणाऱ्यांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका होते आहे. 'बर्फाची अवस्था' या प्रकरणात गाडी अडली. पावडरला भुसभुशीत, क्रस्टला पापुद्रा, कॉर्नला रवाळ, स्लशला रेंदा असं लिहिलंय. तपासणाऱ्यांचं म्हणणं, 'बर्फ' काढा, सगळीकडे 'हिम' करा. आणि रवाळ तूप असतं, बर्फ नव्हे. बाकीचं निभेल, कॉर्नचं सांगा.

शुद्धमती
तपासणारे बरोबर आहेत. बर्फ लादीचा असतो, पडतं ते हिम. हिमचूर्ण, हिमपर्पट, कणहिम असे घडीव शब्द हाताशी असताना रेंदा कशाला? रेंदा नालीत असतो.

तर्री कमी
मूळ फारसीत बर्फ म्हणजे पडणाराच, ताई. गोठलेल्या पाण्याला तिथे 'यख' म्हणतात. आपण एकच शब्द आणला आणि दोन्हीकडे वापरला. काश्मिरीत पडणाऱ्याला 'शीन' म्हणतात, पहिला बर्फ पडला की एकमेकांना 'शीन मुबारक' करतात. म्हणजे लादीवाल्या अर्थावर हरकत घ्यायची असेल तर घ्या, पडणाऱ्यावर नको. आणि हिमपर्पट? पोट्टं उतारावर उभं आहे, त्याला काहून घाबरवता?

उतारकर
आधी वस्तू बघू. कॉर्न एका रात्रीत होत नाही. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं हे काही दिवस चाललं की स्फटिकांचे काटे झडतात, गोल दाणे होतात आणि त्यांचे घोस एकमेकांना धरून गोठतात. पहाटे असा उतार टणक असतो, स्कीची कड त्यात धरत नाही. ऊन लागून वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे झाले आणि खालचा थर अजून टणक राहिला, की तो कॉर्न. ओल आणखी खाली उतरली की स्लश. दाणा मात्र तिन्ही वेळी तोच! 'रवाळ' म्हटलं तर पहाटेचा, दहाचा आणि दुपारचा, तिन्ही बर्फ रवाळच ठरतात. स्कीवाल्याला त्यातला फक्त मधला हवा असतो.

पुस्तिकेत हेही घाला. पूर्वेकडचा उतार आधी तयार होतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा; त्याच क्रमाने फिरायचं. रात्री ढग असतील तर जमिनीकडची उष्णता निघून जात नाही, गोठण नीट होत नाही आणि सकाळपासूनच लगदा मिळतो. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की त्या उतारावरून निघायचं, कारण ओला बर्फ तिथून सुटून घसरू शकतो.

तर्री कमी
एक जोडतो. इंग्रजीत कॉर्नचा जुना अर्थ कुठलाही दाणा, मका नव्हे. जर्मन स्कीवाले यालाच फर्न म्हणतात. हिमनदीवाल्यांचा फर्न वेगळा, मागच्या हंगामातला उरलेला आणि दबून घट्ट झालेला. गोंधळ आपल्याचकडे आहे असं समजू नका.

काळीमाती
तुम्ही जे सांगून राहिले त्याला आपल्याकडे शब्द आहे ना बाप्पा, वाफसा! काळ्या रानात ओल जास्त असली की वखराच्या पासेला, म्हणजे पात्याला, चिखल धरतो, मागे ढेकळं निघतात. सुकली की पास शिरत नाही. मधले दोन-चार दिवस वाफसा. मूठभर माती दाबायची, गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. 'उतार वाफशावर आला' असं लिहा. विदर्भातल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

शुद्धमती
वाफसा नव्हे, वापसा. संस्कृत वाप म्हणजे पेरणी. पेरणीजोगी अवस्था तो वापसा. वाफेचा काही संबंध नाही.

काळीमाती
पाऊस उघडला की जमिनीतून वाफ निघते ती कोणाची? अमरावतीचे सुभाष पाळेकर नैसर्गिक शेतीचे चार आधार सांगतात, जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा. 'फ'नेच बोलतात. २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कोणी 'प' करा म्हटलं नाही.

शुद्धमती
पद्मश्री शेतीला मिळाली, व्युत्पत्तीला नाही.

उतारकर
मुठीची परीक्षा बर्फालाही आहे, तेवढी घ्याच. हातमोज्यात हलकेच दाबा. चिकटलाच नाही तर कोरडा, गोळा झाला तर ओलसर, पाणी निथळलं तर फार ओला. थराचा टणकपणाही हातानेच मोजतात: आत मूठ जाते, की चार बोटं, की एकच बोट, की फक्त पेन्सिल, की चाकूच लागतो.

पण वाफसा सरसकट चालणार नाही. पावडरला अशी मधली वेळ नसते. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, पाणी १,००० किलो. इतका हलका असतो म्हणून स्की त्यात तरंगल्यासारखी जाते. वारा सुटला की स्फटिक मोडून घट्ट बसतात आणि पाटासारखा सलग थर होतो, तो विंड स्लॅब. लांबून दोन्ही पांढरेच. काठी उलटी करून मुठीकडून दाबा. आधी कठीण लागून मग एकदम आत गेली, तर खाली पोकळ थर आहे. इथे शब्द चुकला तर माणूस जाईल, म्हणून स्लॅब आणि पापुद्रा वेगळेच ठेवा.

तर्री कमी
आणि 'चांगला बर्फ' हे शब्द पुस्तिकेतून काढून टाका. पापुद्रा फुटणारा असला की स्कीवाल्याचा एक पाय वर, एक आत, गुडघ्याची वाट लागते. स्नोबोर्डची एकच रुंद फळी त्यावर जास्त टिकते. टणक उतारावर उलट होतं, बोर्डवाल्याकडे एका वेळी एकच कड असते. स्लशमध्ये बोर्डवाले खुशीत, स्कीवाले कुरकुरतात. शर्यतवाले तर उतारात मुद्दाम पाणी सोडून तो गोठवतात, नाहीतर पहिल्या काही जणांनी पाडलेले चर मागच्यांना भोवतात. बर्फ मऊ पडला तर मीठ टाकतात. मिठाने थोडा वितळतो, त्यासाठी आजूबाजूची उष्णता खेचली जाते आणि खालचं पुन्हा आवळतं.

धरमपेठी
म्हणजे कॉर्नला 'कॉर्न'च ठेवू?

काळीमाती
ठेवा, पण कंसात वाफसा. 'फ'ने.

शुद्धमती
'प'ने. आणि ग्रॉपेलचं काय केलंत? मूळ यादीत नाही, पण येईलच. त्याला गारा म्हणणार असाल तर माझा विरोध आहे.

उतारकर
गारा नाहीच. गार कडक असते, कापूस झोडपते. ग्रॉपेल म्हणजे हिमस्फटिकावर अतिथंड थेंब गोठत जाऊन झालेली दोन ते पाच मिलिमीटरची मऊ गोळी, बोटात चुरडते. ती उतारावरून गडगडत कड्याच्या पायथ्याशी साचते, आणि तिच्यावर नवा बर्फ पडला की तो थर नीट धरत नाही.

तर्री कमी
मग 'साबुदाणा' करा.

शुद्धमती
करा. उपासालाही चालेल.